घोडनदीला इतिहास नाहीं काय ?

पुण्याहून नगरच्या सडकेनें निघालेलीं यात्रेकरूंचीं वाहनें रांजणगांवीं थांबतात. महागणपतीचें दर्शन होतें, गाभारा थोरल्या माधवरावांनीं बांधविला हें कोणी तरी कोणाला सांगतो, प्रसाद घेतला जातो, आणि पुढचा विनायक किती लांब आहे ह्या विचारांत मंडळी पुन्हा गाडींत बसतात. तेथून पंधरा-सतरा किलोमीटरांवर एक नदी आहे. नदीच्या कांठीं एक गांव आहे. आणि त्या गांवाला भोंवतालच्या लोकांनीं नदीचेंच नांव देऊन टाकलें आहे. सरकारी दप्तरांत तें शिरूर, पंचक्रोशीच्या तोंडीं घोडनदी. बाजाराला निघालेला शेतकरी घोडनदीला चाललों असें म्हणतो, तेव्हां तो नदीवर चालला कीं पेठेंत चालला असा प्रश्न कोणाला पडत नाहीं. गांव आणि नदी इतकीं एकजीव झालेलीं ठिकाणें महाराष्ट्रांत फार नसतील.

आतां ह्या गांवाला इतिहास काय, असें एखाद्या सुशिक्षित गृहस्थाला विचारून पाहावें. तो पुण्याचा असो, वा शिरूर तालुक्यांतच जन्मून शिकून बाहेर पडलेला असो, त्याचें उत्तर ठरलेलें आहे : तेथें इंग्रजांची छावणी होती. संपलें. हें उत्तर अपुरें आहे एवढेंच म्हणून आम्हांस थांबतां येत नाहीं. तें दिशाभूल करणारें आहे. आणि ज्या समजुतींतून तें निघतें ती समजूत आमच्या वर्गाच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्याशीं भांडण काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. ती समजूत अशी कीं, इतिहास असतो तो राजधान्यांना, किल्ल्यांना, रणांगणांना आणि संतांच्या समाधींना. बाजारपेठेच्या, तालुक्याच्या, नदीच्या उताराच्या गांवाला असतो तो फक्त पत्ता.

गंमत अशी कीं, ह्याच गृहस्थांना परदेशच्या नदीकांठच्या गांवांचें मोठें अगत्य. एव्हनच्या कांठचें स्ट्रॅटफर्ड, थेम्सच्या कांठचें हेन्ली, हीं नांवें त्यांच्या जिभेवर खेळतात. मुलगा परदेशीं असला कीं तिकडे एक फेरी होते, आणि घरीं येणाऱ्याजाणाऱ्याला तेथल्या जुन्या पुलांचीं छायाचित्रें दाखविलीं जातात. ह्यांत आम्हांस वावगें कांहींच वाटत नाहीं. त्या थेम्सच्याच कांठीं वॉलिंगफर्ड नांवाचें एक गांव आहे. वस्तीनें तें शिरूरपेक्षां लहान. डेन लोकांच्या स्वाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रचलेले मातीचे तट तेथें अजून उभे आहेत; १०६६ सालीं नॉर्मन विल्यम तेथेंच नदी उतरला; ११५५ सालीं दुसऱ्या हेन्री राजानें गांवाला सनद दिली. हें सगळें त्या लहानशा गांवाच्या लहानशा संग्रहालयांत मांडलेलें आहे, आणि गांवचा मुलगा तें पाहून मोठा होतो. एवढेंच नव्हे, इंग्लंडांत १८९९ सालीं विद्वानांनीं असा संकल्प सोडला कीं, प्रत्येक परगण्याचा इतिहास गांवोगांव हिंडून लिहावयाचा. सव्वाशें वर्षें झालीं, काम अजून पुरें झालेलें नाहीं, आणि तें पुरें न झाल्याची तेथें कोणाला घाई नाहीं. काम चाललें आहे.

हें आम्ही इंग्रजांच्या कौतुकासाठीं सांगत नाहीं. उलट सांगतों. ज्या लोकांनीं आपल्या घरच्या मातीचा एकही ढिगारा नोंदल्यावांचून सोडला नाहीं, त्यांच्याच लिखाणावरून आम्हीं आमच्या गांवांची जन्मतारीख ठरविली. तीही छावणीचा पहिला तंबू ठोकला त्या दिवसाची! त्यांचा उद्योग आम्हीं उचलला नाहीं. त्यांचा निष्कर्ष मात्र उचलला. आणि आमच्यांत कोणी वाट दाखविली नव्हती असेंही नाहीं. त्रिंबक नारायण आत्र्यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' लिहून कुणबी, बलुतेदार, वतनदार ह्यांचा संसार आंतून कसा चालतो तें दाखविलें. ना. गो. चापेकरांनीं १९३३ सालीं उल्हास नदीच्या कांठच्या 'बदलापूर'वर ग्रंथ लिहिला. एका गांवाचा असा कसून केलेला अभ्यास मराठींत त्यापूर्वी नव्हता. दोन्ही ग्रंथांची स्तुति झाली, पुनर्मुद्रणें झालीं, ते परीक्षांना लागले. वाट मात्र फारशी कोणी चालली नाहीं. आतां गांवाचा इतिहास म्हणून जें छापलें जातें तें स्मरणिकेंत. अध्यक्षांचें मनोगत आणि जाहिराती ह्यांच्यामध्यें जी दोन पानें रिकामीं राहतात, त्यांत.

घोडनदीचा इतिहास छावणीपासून सुरू होतो असें म्हणणाऱ्यांना आमचें पहिलें उत्तर इनामगांव हें आहे. तें शिरूर तालुक्यांत, ह्याच घोडनदीच्या उजव्या तीरावर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर हीं त्यांतलीं ठळक नांवें. सविस्तर वृत्तांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं, इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास शेतकऱ्यांनीं येथें वस्ती केली, आणि ती इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारापर्यंत टिकली. नऊशें वर्षें ! शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला आतां कोठें साडेतीनशें वर्षें झालीं आहेत, आणि पेशवाईचें सारें आयुष्य एका शतकाहून थोडेंसें अधिक. नऊशें वर्षें एकाच नदीच्या एकाच दरडीवर नांदलेल्या गांवाला इतिहास नाहीं म्हणणें म्हणजे इतिहास ह्या शब्दाचा अर्थच न कळणें होय.

आणि तें गांव कसें होतें ? ऐसपैस चौकोनी घरें, बुटक्या मातीच्या भिंती, त्यांवर कुडाचें बांधकाम, अंगणांत चूल, धान्यासाठीं जमिनींत पेवें, आणि कणगी ठेवण्यासाठीं चपटे दगड मांडून केलेले ओटे. कणगीखालीं दगड कां मांडतात हें आमच्या खेड्यांतल्या कोणत्याही आजीबाईला विचारावें. ती ओल आणि उंदीर ह्या दोन शब्दांत उत्तर देईल, आणि तीन हजार वर्षांचें अंतर त्या दोन शब्दांत मिटेल. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचें काम करणारा, असे कारागीर गांवाच्या पश्चिम अंगाला राहत. सुस्थितींतलीं माणसें मध्यभागीं. म्हणजे कोणी कोठें राहावें ह्याचे संकेत तेव्हांही होते. ज्यांना जुन्या काळीं सगळें समान होतें असें वाटतें त्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें. एक घर पांच खोल्यांचें निघालें, त्याला लागूनच धान्याचें कोठार. हें प्रमुखाचें घर असावें असा विद्वानांचा तर्क. त्याच्या अंगणांत चार पायांचा, पोट असलेला एक मोठा मातीचा रांजण पुरलेला सांपडला आणि त्यांत बसविलेल्या स्थितींत एका पुरुषाचा सांगाडा. इतर मोठ्या माणसांना पुरतांना घोट्याखालीं पाय तोडीत. ह्याला मात्र पायांसकट, मातीचे आणखी चार पाय देऊन ठेवलें. लहान मुलें गेलीं तर दोन घडे तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना ठेवीत आणि घराच्या जमिनीखालींच पुरीत. गेलेलें मूल घराबाहेर जाऊं देण्याची त्या आयांची तयारी नव्हती, असा अर्थ कोणी केल्यास आम्ही तरी त्याला हंसणार नाहीं.

ह्या लोकांनीं नदीचें पुराचें पाणी वळविण्यासाठीं दगडमातीचा बांध घातला होता आणि पाट काढला होता. जव, गहूं, मसूर, वाटाणा, कुळीथ हें त्यांचें धान्य. आज घोडनदीवर डिंभ्याला धरण आहे, चिंचणीला धरण आहे, आणि पाणी कोणाला किती ह्यावरून दरवर्षीं वादंग होतें. त्या वादंगांत भाग घेणाऱ्यांपैकीं कितीजणांना ठाऊक आहे कीं, ह्या नदीचें पाणी अडवून वळविण्याचा उद्योग ह्याच कांठीं तीन हजार वर्षांपूर्वी झाला होता ? शेवटीं काय झालें तेंही त्या मातींत लिहिलेलें आहे. इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी घरें गेलीं, लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या. भांडीं ओबडधोबड झालीं. शेतीपेक्षां शिकारीवर अधिक भिस्त पडूं लागली. ढवळीकरांचें म्हणणें असें कीं, पाऊस कमी झाला, कोरडा काळ आला आणि गांव गरीब होत होत एके दिवशीं उठून गेलें. शिरूर, पारनेर, श्रीगोंदे ह्या पट्ट्यांतल्या माणसाला हा मजकूर परका वाटण्याचें कारण नाहीं. दुष्काळांत ओस पडलेलीं गांवें त्याच्या आजोबांनीं पाहिलेलीं आहेत.

आतां छावणी. छावणीचा इतिहास पुसावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तसें म्हणणारा एक पक्ष अलीकडे माजला आहे. इंग्रजांचें नांव आलें कीं पान फाडावें असा त्याचा खाक्या. पान फाडल्यानें पुस्तक आपलें होत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तें पान नीट वाचा. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानें वसईस तह केला, इंग्रजांची तैनाती फौज पदरीं घेतली आणि तिच्या खर्चासाठीं सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पुढच्याच वर्षीं आर्थर वेलस्लीनें पुण्यास येऊन ऑगस्टांत नगरचा किल्ला घेतला. आणि त्यानंतर पुणें व नगर ह्यांच्या मधोमध, नदीच्या पाण्याशीं, ह्या फौजेचा तळ शिरूरास पडला. जागेची निवड चोख होती ह्यांत शंका नाहीं. परंतु इंग्रजांनीं घोडनदी वसविली असें जे मोठ्या ऐटींत सांगतात त्यांना आमचा प्रश्न आहे : कोणाच्या पैशानें ? तंबू इंग्रजांचा असेल, हुकूम इंग्रजाचा असेल. पगार मराठी मुलखाच्या वसुलांतून निघाला, आणि घोड्यांची वैरण, बैल, धान्य, मजूर हें भोंवतालच्या गांवांनीं पुरविलें. छावणीच्या बाजारांतून पेठ वाढली हें खरें. ती वाढविली कोणी, हेंही त्याच वाक्यांत सांगावें लागतें.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं ह्याच तळावरून कॅप्टन स्टाँटन निघाला. सुमारें पांचशें पायदळ, अडीचशेंच्या जवळपास स्वार, दोन तोफा. रात्रभर चालून सकाळीं भीमेच्या कांठीं कोरेगांवास पोंचला, आणि १ जानेवारीस तेथें जें घडलें त्यावर आजवर शाईचा पूर वाहिला आहे. त्यांतले महार शिपाई आणि त्यांचें शौर्य ह्यांचें स्मरण करण्यासाठीं दरवर्षीं लाखों लोक जयस्तंभापाशीं येतात. १९२७ च्या १ जानेवारीस डॉ. आंबेडकर तेथें आले होते. त्या स्मरणाशीं आमचें भांडण असण्याचें कारणच नाहीं. ज्यांच्या पूर्वजांना इतिहासाच्या पुस्तकांत एक ओळ मिळाली नव्हती त्यांनीं ती दगडावर वाचली, यांत वाईट काय? आमचें भांडण आहे तें लढाई कोणी जिंकली ह्या एकाच प्रश्नाचा चोथा चघळणाऱ्या लेखकांशीं. त्यांच्या लेखीं शिरूर म्हणजे फौज निघाली तें ठिकाण. नकाशावरचा एक ठिपका, बाणाचें शेपूट. त्या रात्रीं छावणीच्या बाजारांत मागें कोण राहिलें होतें, तिसऱ्या दिवशीं जखमी परत आले तेव्हां त्यांची शुश्रूषा कोणीं केली, वाणसामान कोणीं उधार दिलें, हे प्रश्न त्यांना सुचत नाहींत. सुचले असते तर घोडनदी हें गांव त्यांना दिसलें असतें.

छावणींतल्याच एका थडग्याची हकीकत आमच्या सुधारकांना आणि देशाभिमान्यांना सारखीच अडचणीची वाटते. कर्नल विल्यम वॉलेस हा वेलस्लीच्या १८०३ च्या मोहिमेंतला एक सेनाधिकारी; १८०९ सालीं तो शिरूरास वारला आणि तेथेंच पुरला गेला. पुढें लोक त्याला सत्पुरुष म्हणूं लागले, आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर येऊं लागला. ही गोष्ट १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत नोंदलेली आहे. सुधारक म्हणतात, पाहा ही अंधश्रद्धा. देशाभिमानी म्हणतात, पाहा ही गुलामगिरी. आणि साहेब लोक मिशींतल्या मिशींत हंसत. तिघांनाही कुणब्याचें मन कळलें नाहीं. जो माणूस शिवेवरच्या म्हसोबाला, पीराला, अकालीं गेलेल्या कोणा अनोळखी वाटसरूलाही नैवेद्य दाखवितो, त्यानें ह्या परदेशी मेलेल्यालाही दाखविला. त्याला त्यानें राजा म्हणून पूजलें नाहीं; आपल्या शिवारांत मातीआड झालेला एक आत्मा म्हणून शांत ठेवलें. राजवट गेली, पलटण गेली, कर्नल तेवढा गांवच्या दैवतांच्या पंगतींत बसला. इनामगांवच्या त्या रांजणांतल्या पुरुषाच्या शेजारीं ह्या थडग्याला ठेवून पाहावें. मग ह्या नदीच्या कांठीं मेलेल्यांशीं जिवंतांनीं कसें नातें ठेवलें ह्याचा एक धागा हातीं लागतो. पण त्यासाठीं हंसणें थोडा वेळ थांबविलें पाहिजे.

आम्हांस जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते आणि जिचा उच्चार आमच्या सुशिक्षित घरांत जवळ जवळ ऐकूं येत नाहीं, ती मात्र छावणीची नव्हे आणि रणांगणाचीही नव्हे. ती करडें गांवची आहे. करडें शिरूर तालुक्यांतलें. १८७४ च्या डिसेंबरांत तेथें असें झालें कीं, कालूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख ह्यांच्यावर सुमारें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला, त्यांचें घर लिलांवांत घेतलें आणि पाडूं लागला. कायद्यानें त्याला तसें करतां येत होतें. गांवानें कायदा मोडला नाहीं, सावकारावर हातही टाकला नाहीं. गांवानें त्याच्याशीं व्यवहार सोडला. त्याच्या शेतांत कोणी काम करीना, न्हावी त्याची हजामत करीना, पाणी भरणारा पाणी भरीना. शेवटीं सावकार आपलें चंबूगबाळें उचलून पोलिसांच्या बंदोबस्तांत गांव सोडून निघाला. आणि तो आला कोठें? शिरूरास, घोडनदीच्या पेठेंत.

आयर्लंडांत कॅप्टन बॉयकॉट ह्याच्यावर तेथल्या कुळांनीं असाच प्रयोग केला तो १८८० सालीं, आणि त्याच्या नांवावरून जगाला एक शब्द मिळाला. तो शब्द आमच्या वर्तमानपत्रांतून रोज छापला जातो. करड्यानें तेंच हत्यार सहा वर्षें आधीं चालविलें होतें, आणि करड्याचें नांव आमच्या पदवीधरांनाही ठाऊक नाहीं ! विदेशी मालाच्या बहिष्काराचा इतिहास सांगतांना १९०५ पासून सुरुवात करणाऱ्या पंडितांनीं शिरूर तालुक्याची एक फेरी केली तर बरें होईल.

करड्याची बातमी भोंवतालच्या गांवांत पसरली, आणि १८७५ च्या १२ मे रोजीं भीमथडींतील सुप्याच्या बाजारांत तिला वेगळेंच रूप आलें. तेथें लोकांनीं सावकारांचीं दुकानें फोडलीं, खतें आणि वह्या ओढून काढून जाळल्या. लोण पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडल्या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यांत गेलें. शिरूर तालुक्यांतलीं बरींच गांवें त्यांत सांपडलीं. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्याच्या अहवालांत स्पष्ट आहे कीं, रोंख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. जेथें खत मुकाट्यानें मिळालें तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं. आमच्यांतले कांहीं जण ह्या दंग्याला एका जातीविरुद्ध दुसऱ्या जातीची चढाई म्हणून रंगवितात. तें वाचलेल्या अहवालावरून नव्हे, ऐकीव गप्पांवरून. अमेरिकेंतल्या यादवी युद्धानें कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपतांच कोसळले. सारा मात्र नव्या पाहणींत वाढला. कोर्ट नवें, मुदतीचा कायदा नवा, निरक्षर कुळाचा अंगठा तेवढा जुना. सावकार ह्या यंत्राचा हात होता. यंत्र दुसऱ्याचें होतें. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्याचें मूळ ह्या जाळलेल्या कागदांत आहे.

घोडनदी ह्या गोष्टींत कोठें बसते तें आतां पाहावें. तालुक्याची कचेरी येथें, पोलिस येथें, मोठी सावकारी पेढी येथें, आठवड्याचा बाजार येथें. कुणबी धान्य विकावयास जेथें येई तेथेंच त्याच्या कर्जाचा हिशेब होई, आणि जेथें हिशेब होई तेथेंच त्या हिशेबाला सरकारचें संरक्षण होतें. नदीच्या उताराच्या गांवाचा इतिहास हा असा असतो. त्यांत राजा नसतो. बैलगाड्या, तराजू, तारण, हुकूमनामा आणि उतारावरचें पाणी असतें. ह्या सर्वांचा मिळून एका तालुक्याच्या माणसांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न विचारणें म्हणजेच त्या गांवाचा इतिहास लिहिणें. तलवार निघाली नाहीं म्हणून इतिहास झाला नाहीं असें मानणाऱ्यांना आम्ही काय सांगणार !

पुढच्या काळाविषयीं थोडक्यांत. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगरच्या सडकेवरची गाड्यांची वर्दळ रुळांकडे वळली. सडकेवर जगणाऱ्या पेठेला असा धक्का काय करतो हें सांगावयास नको. अमेरिकन मराठी मिशननें येथें ठाणें केलें होतें, आणि पुढें त्यांनीं एक औद्योगिक शाळा चालविली. त्या शाळेंत कोण शिकलें, कोणत्या घरांतलीं मुलें पहिल्यानें सुतारकाम आणि इंग्रजी एकाच छपराखालीं शिकलीं, हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. गेल्या तीनचार दशकांत रांजणगांवीं मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि ज्या सडकेवरून फौजा गेल्या, मग गाड्या गेल्या, तिच्यावरून आतां दिवसरात्र मालमोटारी जातात.

आमच्यावर येणारा एक आक्षेप आम्हांस आधींच दिसतो. कोणी म्हणेल, हें सगळें ठीक; पण लहान गांवाला दप्तर नसतें, साधनें नसतात, मग इतिहास लिहावयाचा कशावरून ? राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून माळ्यांवरचीं आणि तळघरांतलीं दप्तरें बाहेर काढलीं, १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें, त्या महाराष्ट्रांत हा आक्षेप शोभत नाहीं. साधनें नाहींत असें नव्हे. आम्हांला हवीं तसलीं नाहींत. मोडी बखर हवी, तर ती नाहीं. नदीच्या गाळांत मातीचा घडा आहे. सरदाराचें पत्र हवें, तर तें नाहीं. जुन्या निवाड्यांत एखाद्या कुणब्याचा अंगठा आहे. आणि हीं साधनें आज झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. घोड आणि भीमा ह्यांच्या पात्रांतून वाळू उपसली जाते, त्याविरुद्धच्या तक्रारी जुन्या झाल्या; दरडी ढासळतात, पांढरीच्या टेकाडांवर नांगर चालतो. इनामगांवचें नांव झालें म्हणून त्याचें उत्खनन झालें. ह्याच कांठावरच्या इतर पांढरींत काय आहे हें पाहावयाच्या आधीं ती मातीच जागेवर राहणार नसेल, तर पुढच्या पिढीला शिरूर म्हणजे छावणी असेंच म्हणावें लागेल, आणि तेव्हां तिला खोडून काढण्याचें साधन कोणाजवळ उरणार नाहीं.

तेव्हां काय करावें ? सरकारनें करावें, असें लिहून मोकळें होणें हा आमच्या वर्गाचा आवडता मार्ग. आम्ही तो येथें घेत नाहीं. इनामगांवचे अवशेष डेक्कन कॉलेजच्या संग्रहीं पुण्यांत आहेत. ते तेथें सुरक्षित आहेत आणि तेथेंच असावेत. परंतु त्या चार पायांच्या रांजणाची, त्या मातीच्या डबींतल्या मस्तकहीन देवीची आणि तिच्या बैलाची हुबेहूब प्रतिकृति शिरूरच्या एखाद्या वाचनालयांत ठेवण्यास अशी कोणती अडचण आहे ? त्याच खोलींत करड्याच्या हकीकतीचें कमिशनच्या अहवालांतलें भाषांतर असावें, वॉलेसच्या थडग्याचें चित्र असावें, जुन्या पेठेचा नकाशा असावा, आणि तालुक्यांतल्या वृद्धांनीं पाण्याविषयीं, दुष्काळांविषयीं, बाजाराविषयीं सांगितलेलें लिहून ठेवलेलें असावें. शाळेंतल्या मुलांनीं आठवड्यास एक आजोबा गांठले तरी दोन वर्षांत ग्रंथ होईल.

पैशाचा प्रश्न निघालाच तर रांजणगांवकडे बोट दाखवितां येतें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना आपल्या गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं दोन टक्के रक्कम लोकोपयोगी कामांसाठीं खर्च करावयास सांगितलें आहे, आणि त्या कामांच्या यादींत राष्ट्रीय वारशाचें व कलेचें संरक्षण हें नांवानिशीं घातलेलें आहे. औद्योगिक वसाहतींतले कारखाने ज्या खोऱ्यांत चालतात त्याच खोऱ्यांतल्या नऊशें वर्षांच्या गांवासाठीं एक खोली मागणें ही भीक नव्हे. अर्ज एका पानाचा होईल. त्यावर शिरूरच्या वकिलांनीं, शिक्षकांनीं, डॉक्टरांनीं सह्या कराव्यात. आणि ज्यांचीं मुलें स्ट्रॅटफर्ड पाहून आलीं आहेत, त्यांनीं आधीं.